साठ अंशांवरची कविता

फ्रँकफर्टला आम्ही राहायचो त्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची एक सामाईक खोली होती. मशीन एक, बिऱ्हाडं नऊ, आणि दारावर वेळापत्रकाचा कागद. त्या कागदावर मंगळवारी दहा ते बारा या चौकटीत आमचं आडनाव होतं. हे सांगायचं कारण एवढंच, की त्या देशात माझी स्वतःची म्हणावी अशी आठवड्यातली ती एकच अपॉइंटमेंट होती.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ती तीन-चार वर्षं. नवरा सोमवारी पहाटे कंपनीच्या कामाला वाल्डॉर्फला जायचा तो गुरुवारी उगवायचा. कन्या शाळेतून आली की दप्तर टाकून आपल्या खोलीत. मी मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. भांडणसुद्धा धड व्हायचं नाही, कारण मुद्द्यावर येईपर्यंत माझी क्रियापदं संपायची. पुण्यात मी स्वतःला लेखिका समजत असे. इथे महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात माझी एक कविता आली होती, चकलीच्या पाककृतीच्या खाली, उरलेल्या जागेत. लोकांनी अभिप्राय दिले. चकली चांगली झाली म्हणाले.

मंगळवारी बारा ते दोनच्या चौकटीत दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं नाव होतं. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, केसांचा घट्ट बॉब. एकदा माझं मशीन लांबलं आणि बारा वाजले तरी फिरतच होतं. मी पळत खाली गेले तर आतून मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज. मला वाटलं, माझ्या कपड्यांवरून भांडण पेटलं. दार ढकललं. या बाई उलट्या घातलेल्या प्लास्टिकच्या खोक्यावर बसून, हातात कागद धरून, फिरत्या मशीनला काहीतरी ठणकावून सांगत होत्या. मशीन थांबलं, त्याही थांबल्या.

"सॉरी," मी इंग्रजीत म्हटलं, "तुम्ही प्रार्थना करत होतात का?"

"नाही. कविता. मशीन शेवटी जोरात फिरतं ना, तेव्हा वाचून बघते. वर ऐकू जात नाही."

त्या फिलिपिन्सच्या. पंचविशीत नर्स म्हणून जर्मनीत आलेल्या, तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांच्या सेवेत. जवळच्या वृद्धाश्रमात पहाटेची पाळी करायच्या. कविता लिहायच्या त्या त्यांच्या तागालोग भाषेत, ड्यूटीच्या जुन्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर, आणि फक्त तळघरात. घरी बसलं की झोप येते, म्हणाल्या. त्यांची पद्धत अशी होती की मशीन लावायचं आणि ते संपेपर्यंत कविता संपवायची. चादरी-टॉवेल साठ अंशांवर असले की मोठी कविता. लोकरीचे कपडे असले की चार ओळी. रविवारी इमारतीच्या नियमानुसार धुणं बंद, म्हणून रविवारी कविता बंद. तीस वर्षांत त्यांनी चार खोकी भरली होती आणि त्यातली एकही ओळ कुणी वाचली नव्हती.

मी नाव विचारलं तर म्हणाल्या, "आते म्हण मला. आमच्याकडे तुझ्या वयाच्या बायका असंच म्हणतील."

मला भरूनच आलं. सात समुद्रांपलीकडे आते! त्या दिवसापासून मी त्यांना आते म्हणू लागले, आणि आपल्याकडे आतेला म्हणतात तसं मनातल्या मनात अगंतुगंही करू लागले. रविवारी फोनकार्ड खरवडून सासूबाईंना पुण्याला फोन लावला तेव्हा उत्साहाने सांगून टाकलं.

"आई, मला इथे आते भेटली."

"अगंबाई! कुणाकडची?"

"फिलिपिन्सची."

मग सासूबाई म्हणाल्या, "आपल्यातली कुणी तिकडे दिली होती का गं?"

चार महिन्यांनी कळलं, की त्यांच्या भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. मी ताईला चार महिने आत्या केली होती. खुलासा केल्यावर ती खोक्यावर बसून इतकी हसली की मोज्यांचा ढीग खाली पडला. "म्हणजे तुझ्या वडिलांची बहीण? मी एवढी म्हातारी दिसते?" पण नाव तेच राहिलं. तोंडात बसलं होतं.

तेव्हापासून मी मंगळवारी बाराला कपडे काढून घेतले तरी वर जायची नाही. ती लिहायची, मी घड्या घालायची. मशीन जोरात फिरायला लागलं की ती वाचायची आणि मी, एकही शब्द न कळता, मान डोलवायची. मंडळाच्या कार्यक्रमांत लागलेली सवय उपयोगी पडली.

मग त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या वाचनालयाने ठरवलं, की शेजारच्या परदेशी लोकांनी आपापल्या भाषेतलं काहीतरी वाचावं. तिथे ते सगळं एक निवृत्त शिक्षिका बघायच्या. आयुष्यभर लॅटिन शिकवलेल्या, उंच, प्रेमळ आणि कशालाही न बधणाऱ्या बाई. आतेने धीर करून आपली एक कविता दिली. वृद्धाश्रमातली एक सहकारी तागालोगचे शब्द जर्मनमध्ये सांगायची आणि शिक्षिकाबाई ते नीट मांडायच्या, असं भाषांतर झालं.

कविता साधी होती. आम्ही पहाटे साडेपाचला परक्यांच्या आयांचे केस विंचरतो. आम्ही त्यांच्या पावाच्या कडा कापतो. आम्ही त्यांना त्यांच्या मुलांची नावं आठवून देतो. अशा अकरा ओळी, प्रत्येक 'आम्ही'ने सुरू होणारी. आणि शेवटची ओळ: संध्याकाळी आपण भात लावू.

एका मंगळवारी आते जर्मन कागद घेऊन खाली आली. कपडे आणलेच नव्हते.

"मेली माझी कविता," ती म्हणाली.

"चांगली तर आहे."

"शेवटी बघ. विअर. वर अकरा वेळा विअर, आणि खालीही विअर. वाचणाऱ्याला वाटेल नर्सा ड्यूटी संपवून भात लावतात. आमच्याकडे 'विअर'ला, इंग्रजीतल्या 'वी'ला, दोन शब्द आहेत. कामी म्हणजे मी आणि माझी माणसं, तू नाही. तायो म्हणजे मी आणि तू. इंग्रजीत नाही, जर्मनमध्ये नाही. तुला नाही कळणार."

मी हातातली उशीची खोळ खाली ठेवली. "न कळायला काय झालं? आम्ही आणि आपण."

मग माझी परीक्षा सुरू झाली. पाहुणे दारात आहेत आणि तुम्ही जेवायला बसताय, तर काय म्हणशील? आम्ही जेवतोय, मी म्हटलं. आणि त्यांना बसवायचं असेल तर? चला, आपण जेवू या. दहा-बारा वेळा तिने मला उलटसुलट पकडायचा प्रयत्न केला. जर्मनीत आल्यापासून मी पहिल्यांदाच एका भाषेच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवत होते. 'कामी' ऐकून मला कामाला आलेली माणसं आठवतात, हे सांगितल्यावर तर ती म्हणाली, "बरोबरच आहे. त्या अकरा ओळींत तीच आहेत."

उत्साहाच्या भरात मी 'आपण'चे बाकीचे चाळेही सांगितले. अतिशय आदराने बोलायचं तर समोरच्यालाच आपण म्हणतात, आपण बसावं. आणि मुंबईला टेचात बोलायचं तर आपण म्हणजे मी एकटाच. आपण नाय जात, आपण इथेच.

"एकटा माणूस स्वतःला तायो म्हणतो?" तिने विचारलं.

"मुंबईत म्हणतो."

"बिचारा," ती म्हणाली.

मग तिने खरं काय ते सांगितलं. तिला एक मुलगी होती. बाप जर्मन, तो केव्हाच वेगळा झालेला. मुलगी म्युनिकला एका मोटार कंपनीत होती, मित्राबरोबर राहायची आणि वर्षातून एक-दोनदा यायची. तिला तागालोग येत नव्हतं. ती लहान असताना शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, घरी जर्मनच बोला, नाहीतर मागे पडेल. आतेने ऐकलं. "इतकं ऐकलं," ती म्हणाली, "की तिला रागावायचे तेसुद्धा चुकीच्या जर्मनमध्ये. ती माझा राग दुरुस्त करायची." आता ती मुलगी कार्यक्रमाला येणार होती. आईने काय लिहिलंय ते तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकणार होती, आणि ऐकून एवढंच समजणार होती की वृद्धाश्रमातल्या बायका संध्याकाळी भात लावतात.

आम्ही दोघी शिक्षिकाबाईंकडे गेलो. 'विअर आल्ले', म्हणजे आपण सगळे, असं केलं तर? त्या म्हणाल्या, पाद्री बोलतोय असं वाटेल. 'तू आणि मी' केलं तर? शी, रेडिओवरचं गाणं वाटेल. तळटीप? कवितेला तळटीप म्हणजे औषधाच्या बाटलीवरचा कागद. शेवटी त्यांनी प्रेमाने आतेच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हे बघा, विअर म्हणजे विअर. लॅटिनमध्येही एकच आहे आणि त्यांचं काही अडलं नाही."

परतताना ट्राममध्ये आते म्हणाली, "तू तुझ्या भाषेत कर. तिथे वाच."

"तिथे मराठी कुणाला कळणार?"

"मला कळेल कुठला शब्द आला ते. खोलीत एका तोंडात तरी बरोबर राहील."

मग तीन महिने दर मंगळवारी आम्ही ती बारा ओळींची कविता मराठीत आणत होतो. ती एकेक शब्द इंग्रजीत फोडून द्यायची, मी मांडायचे. मी आधी जरा भारी केलं होतं, 'प्रभातसमयी' वगैरे. तिने वाचून दाखवायला लावलं, ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही केस विंचरताना असं बोलता?" प्रभातसमय गेला, पहाट आली. माझ्या चकलीखालच्या कवितेत असे किती प्रभातसमय होते ते मला तेव्हा आठवलं आणि मी विषय बदलला. मशीन फिरायला लागलं की ती मला ओरडून वाचायला लावायची. आवाज फुटला पाहिजे म्हणायची. घरात मी आवाज फुटेल असं शेवटचं कधी बोलले होते, ते आठवेना.

त्याच दिवसांत मला एक वाईट खोड लागली. मी घरात सर्वनामं मोजू लागले. नवरा फोनवर सांगायचा, "आम्ही पुढच्या आठवड्यात टेस्टिंग करतोय, आम्ही बहुतेक शनिवारी पण थांबू." कन्या दारातून सांगायची, विअर म्युझियमला जाणार, विअर उशिरा येणार. एका आठवड्यात आमच्या घरात 'आपण' एकदाच आला. नवरा म्हणाला, "आपण कचऱ्याचा पिवळा डबा बाहेर ठेवला का?" त्याचा अर्थ मी ठेवला का, असा होता.

कार्यक्रम नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी झाला. मी मंडळात सगळ्यांना सांगितलं होतं, पण त्याच दिवशी मुलांच्या नाचाची तालीम निघाली. नवरा वाल्डॉर्फला टेस्टिंगमध्ये. कन्येच्या मैत्रिणीचा वाढदिवस. तेव्हा त्या खोलीत मराठी कळणारं माणूस मी एकटीच. मी कांजीवरम नेसून गेले होते आणि वरून थंडीचा जाड कोट, त्यामुळे सोफ्याला खोळ घातल्यासारखी दिसत होते.

आतेची मुलगी अगदी शेवटच्या ओळीत कडेला बसली होती. आईचेच गाल, बापाची उंची. मांडीवर कोट, कोटावर तिकीट. सहाची गाडी होती म्हणे.

आधी आतेने तागालोग वाचली. वाचली म्हणजे पुटपुटली. मशीनशिवाय तिला वाचायची सवय नव्हती. मग शिक्षिकाबाईंनी जर्मन वाचली, स्वच्छ, सुरेख. लोकांनी माना हलवल्या. मुलगीही ऐकत होती, चेहऱ्यावर काही नव्हतं. मग मी.

मी चांगली वाचली हो. आवाज फुटला. आम्ही, आम्ही, आम्ही, एकेक पायरी उतरत मी खाली आले, आणि अकरा पायऱ्या उतरलेला पाय जसा बारावी नसतानाही खाली पडतो, तशी माझी जीभ पडली.

"संध्याकाळी आम्ही भात लावू."

"आपण!"

आते खुर्चीतून उठून उभी होती. इतक्या जोरात ओरडली की मला क्षणभर वाटलं मशीन फिरतंय. "आम्ही नाही, आपण! आपण!"

खोलीत कुणाला काही कळेना. एका आजोबांनी कानातलं यंत्र चाचपलं. शिक्षिकाबाई घाईने पुढे आल्या. काय झालं?

आतेने तिच्या तीस वर्षं जुन्या, चुकीच्या आर्टिकलांच्या जर्मनमध्ये सांगितलं, "हिने चुकीचा विअर वाचला. हिच्या विअरमध्ये फक्त नर्सा आहेत. त्या भात खातील, तुम्ही घरी जा. मी लिहिलाय तो दुसरा. त्या विअरमध्ये ऐकणारी बसली आहे. तिला सोडून भात होतच नाही."

"अख्सो, असं होय," शिक्षिकाबाई म्हणाल्या. मग जरा दुखावून, "पण हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"ऑगस्टपासून सांगतेय."

लोक हसले. मुलगी हसली नाही. ती आईकडे बघत होती, कोट घट्ट धरून. मी तोवर खोळीतल्या खोळीत घामाने भिजले होते. आतेने मला खूण केली, परत वाच.

"संध्याकाळी आपण भात लावू."

शेवटच्या ओळीतून मुलीने जर्मनमध्ये विचारलं, "कुठल्या संध्याकाळी?"

तीस वर्षं ज्या वाचकाची वाट बघितली त्याचा हा पहिला प्रश्न. "ती... कविता आहे गं," ती कशीबशी म्हणाली आणि खाली बसली. पुढचे तुर्की गृहस्थ वाचायला उठले. पावणेसहाला मागची खुर्ची रिकामी झाली, तिच्यामागे आते कोट न घालताच स्टेशनकडे धावली.

मंगळवारी मी खाली माफी मागायला गेले. तीन महिने घासून एक शब्द, आणि तोच मी घालवला होता.

"स्टेशनवर काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, विअर ख्रिसमसला भेटू. मी विचारलं, कोणता विअर? म्हणाली, मामा, बिट्टे. आई, प्लीज."

त्या दिवशी तिने साठ अंशांवर चादरी लावल्या आणि एक ओळ लिहिली नाही. आम्ही नुसत्या बसलो. मशीन जोरात फिरलं आणि कुणीच काही वाचलं नाही.

डिसेंबर लागला. एका मंगळवारी बाराला आते आली ती फोन पुढे धरूनच. त्या काळातला छोटा फोन, राखाडी पडद्यावर तीन ओळींचा एसएमएस. मुलीचा. जर्मनमध्ये होता, एक शब्द सोडून. मामा, तायो चोवीस तारखेला तीन वाजता येतो. भाताला काय आणू?

"बघ!" मी म्हटलं. "शिकली!"

"चुकलीय," आते म्हणाली. "यायचं असेल तर कामी. ती आणि तिचा मित्र येणार. मी कशी येईन, मी तर इथेच आहे ना?"

खरंच की. आपण चोवीस तारखेला तुझ्याकडे येतोय, असं वाक्य आपल्याकडेही कुणी बोलणार नाही.

"मग कळव तिला."

आतेने फोन एप्रनच्या खिशात घातला. वरून दोनदा थापटला. "नाही," ती म्हणाली, "असू दे चुकीचं."

ती मुलगी मित्राला घेऊन आली, दीड दिवस राहिली. भात तिने लावला आणि खालून करपवला. आतेने मला नवीन वर्षात त्या करपलेल्या भाताचं इतकं वर्णन ऐकवलं की मी तिला शेवटी म्हटलं, आता याचीच कविता कर. केली तिने. मोठी होती, दोन वेळा मशीन लावावं लागलं.

दोन वर्षांनी ती निवृत्त झाली आणि म्युनिकला गेली, मुलीच्या घरापासून चार स्टेशनांवर, एका खोलीत. तिथली भाडी अशी की त्या खोलीत चार खोकी मावेनात, दोन तिने तळघरातल्या आमच्या कप्प्यात ठेवली. अजून माझ्याकडेच आहेत. मला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. मंगळवारी बारा ते दोनच्या चौकटीत बरेच दिवस कुणाचंच नाव नव्हतं. मी कपडे काढून घ्यायचे, पण वर जायची घाई नसायची. खोकं तिथेच होतं. मी बसायचे. कधी चार ओळी व्हायच्या. प्रभातसमय आला तर खोडायचे.

एकदा तिथे असतानाच तिचा फोन आला. म्हणाली, इथे मशीन न्हाणीघरातच आहे, वेळापत्रक नाही, कधीही लावा. त्यामुळे काही लिहून होत नाही. मुलगी बुधवारी येते, सगळ्याच बुधवारी नाही. कधी 'कामी' म्हणते, कधी 'तायो', कुठलाही कुठेही.

"आणि तू?" तिने विचारलं. "घरचे सगळे?"

नवरा वाल्डॉर्फला होता. कन्या वर्गाबरोबर कुठेशी गेली होती. मशीन शेवटच्या फेऱ्यात होतं, मी फोनमध्ये ओरडून बोलत होते.

"आपण इथेच," मी म्हटलं.

"कोणता आपण?"

"मुंबईचा."